चारा नेणारी होडी

'आमिष' हा शब्द मराठीत आता पाण्यापेक्षा पाण्याबाहेरच जास्त सापडतो. नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष, दामदुपटीचं आमिष. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष या शब्दांत तो अजून टिकून आहे. गळाला लावलेलं मांस म्हणजे आमिष, आणि त्यावरून फसवणूक, असा त्याचा प्रवास. हिंदीत मात्र माशालाही 'चारा'च घालतात, आपण गुरांना घालतो तोच. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना या दोन शब्दांपाशी मी नेहमी थांबते. आमिषात फसवणं आधी येतं, चाऱ्यात खाऊ घालणं. माझ्या मते गळाने मासे धरण्याचा इतिहास चाऱ्याच्या बाजूने वाचायला हवा. त्या इतिहासातलं सगळ्यात नवं साधन म्हणजे रिमोटवर चालणारी चाऱ्याची होडी.

चरोद्यात अशी होडी मी गेल्या हिवाळ्यात पाहिली. रेल्वे कॉलनीतल्या एका तरुणाने ती ऑनलाइन मागवली होती. हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, पोटात झाकणाचे दोन कप्पे. कप्प्यांत पिठाचे गोळे भरायचे, गळ आणि दोरही त्यातच ठेवायचा आणि काठावर उभं राहून रिमोटने होडी हवी तिथे न्यायची. बटण दाबलं की कप्पा उघडतो, चारा आणि गळ एकाच जागी बुडतात, होडी रिकामी परत येते. महागड्या होड्यांत पाण्याची खोली दाखवणारं यंत्र आणि जीपीएसही असतं, म्हणजे काल जिथे चारा टाकला तिथेच आज टाकता येतो.

या होडीची पणजी न्यूयॉर्कची. 1898 मध्ये निकोला टेस्लाने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विजेच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक छोटी नौका बिनतारी लहरींवर चालवून दाखवली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला तिचं पेटंट मिळालं, क्रमांक 613809. टेस्लाचा भर युद्धावर होता. असं संहारक साधन हाती आलं की राष्ट्रं लढायचीच थांबतील, अशी त्याची आशा. पण पेटंटमध्ये त्याने इतर उपयोगही नोंदवले आहेत: पत्रं आणि सामान पोचवणं, दुर्गम भागांशी संपर्क ठेवणं, आणि देवमासे किंवा इतर समुद्री प्राणी मारणं वा धरणं. पिठाचे गोळे वाहून नेण्याचा उल्लेख नसला तरी होडी आणि मासा यांची गाठ पहिल्याच कागदावर पडलेली आहे.

पुढे ती युरोपातल्या कार्पच्या शौकिनांकडे पोचली. इंग्लंडात कार्प हा मूळचा पाहुणा. 1496 मध्ये छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या इंग्रजी पुस्तिकेत म्हटलं आहे की हा मासा चविष्ट खरा, पण इंग्लंडात फार थोडा. पुढे आयझॅक वॉल्टनने त्याला नद्यांची राणी म्हटलं. विसाव्या शतकात मात्र तिथे कार्प खाण्याचा मासा उरला नाही. धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. सोडून दिलेला मासा शहाणा होतो, म्हणून चाऱ्याचं शास्त्र वाढत गेलं. अंड्यात मळून उकडलेले टणक गोळे आले. 1980 च्या सुमारास गोळा गळाला न टोचता केसासारख्या बारीक दोऱ्याने गळाखाली लोंबता ठेवण्याची युक्ती निघाली. कार्प खाणं तोंडात ओढून चाचपतो आणि नको असल्यास थुंकतो. थुंकताना मोकळा गळ ओठात रुततो. त्यानंतर प्रश्न उरला तो काठापासून दूर, नेमक्या जागी चारा पोचवण्याचा. तो होडीने सोडवला. काही तळ्यांवर तिला बंदीही आहे, कारण हा खेळ राहत नाही असं तिथल्या लोकांना वाटतं.

खेळ हा शब्द आला की मला आपल्या सीमेवरच्या एका राजाकडे जावं लागतं. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो वेगळ्या कारणाने माहीत असतो: त्यात मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी काही गीतपंक्ती आहेत, आणि त्यांतली एक मत्स्यावताराची, रसातळातून वेद आणणाऱ्या माशाची आहे. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. तीसहून अधिक मासे त्यात येतात. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी त्यांची वाटणी केली आहे. गळ, दोर आणि काठी यांचं वर्णन आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या माशाला काय खाऊ घालायचं ते आहे: कुणाला पिठाचे गोळे, कुणाला तिळाचे, कुणाला मांसाचे तुकडे. गजानन श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा भाग 1939 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत छापून आला. 1951 मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. इंग्रजी पुस्तिकेच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी हे सारं लिहून ठेवलेलं होतं.

मला प्रश्न पडतो तो असा: राजाला हे कुणी सांगितलं? दरबारातल्या पंडिताला कुठला मासा काय खातो हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ते नदीकाठच्या कोळ्याभोयांकडूनच आलं असणार. म्हणजे हे प्रकरण हाही एक अनुवादच, बोलीतून संस्कृतात केलेला, आणि मूळ सांगणाऱ्याचं नाव गळालेला.

अशी नावं नंतरही गळत राहिली. मनुस्मृतीत खाण्याजोग्या माशांत 'रोहित' येतो. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरचं पुस्तक छापलं, तेव्हा रोहिता, कटला, मृगला ही इथलीच नावं त्याने लॅटिन नामावळीत नेली. जाळं टाकणाऱ्यांचे शब्द जगभर गेले, ते स्वतः मात्र काठावरच राहिले.

आता आमचा काठ. छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. आमच्याच दुर्ग जिल्ह्यातल्या धमध्याबद्दल म्हणतात की तिथे 'छै आगर छै कोरी' तरिया होते. तरिया म्हणजे तलाव, कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे 126. भोसल्यांची फौज 1741 मध्ये या मुलखात आली, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले, आणि रेल्वे व पोलाद कारखान्याने आणखी मराठी घरं आणली. आम्ही सगळे या तरियांच्या काठी आलो आणि इथले शब्द उचलले. गळाला इथे 'गरी' म्हणतात, आणि गरी टाकत नाहीत, 'गरी खेलथें', खेळतात. सोमेश्वराचा 'विनोद' आणि छत्तीसगडीतलं 'खेलना' एकाच जातीचे शब्द आहेत.

या तरियांतले मासे आता बहुतेक सोडलेले असतात. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांना माशांच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पचं प्रजनन करण्यात यश आलं. तोवर बियाणं नदीतून गोळा करावं लागे. नंतर ते हॅचरीतून येऊ लागलं. तळ्यात तीन जाती एकत्र सोडतात, कारण त्या तीन मजल्यांवर जेवतात: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी.

होडीची अडचण इथे सुरू होते. ती तळाशी चरणाऱ्या युरोपीय कार्पसाठी घडवलेली आहे. तिचा गोळा सरळ तळाला जातो. म्हणजे मृगळ मिळेल, परदेशातून आणलेला कॉमन कार्प मिळेल, पण कटल्याच्या डोक्यावरचं पाणी तिला कळत नाही. आणि गावचा तरिया असतो केवढा? एका बाजूला आंघोळीचा घाट, दुसऱ्या बाजूला म्हशी. दूर जाण्याचा प्रश्न इथे फारसा नाही. प्रश्न आहे तो कुठे आणि कुणासाठी हे ठरवण्याचा.

ते ठरवणारी माणसं अजून आहेत. केवट आणि ढीमर समाजातले वयस्क लोक पाण्यावरचे बुडबुडे पाहून तळाशी कोण चिखल उकरतंय ते सांगतात. वारा कुठल्या काठाला लागतो, पाणी कुठे लवकर तापतं, कुठल्या पिठात काय मिसळायचं, हे त्यांना ठाऊक असतं. रिमोटवाल्या तरुणानेही अखेर होडी कुठे न्यायची ते अशाच एका ककांना विचारलं. त्यांनी बोट दाखवलं, होडी तिकडे गेली. जीपीएसमध्ये ती जागा आता साठवलेली आहे. ती जागा का, हे मात्र त्यात नाही.

यंत्र एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यावं तसं येतं. शब्द पोचतो, संदर्भ मागे राहतो, आणि तो इथल्याच कुणाला तरी भरावा लागतो. नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला तो लिहून ठेवावासा वाटला, म्हणून तेव्हाच्या माशांची भूक आज आपल्याला ठाऊक आहे. छत्तीसगडीतलं चाऱ्याचं हे ज्ञान अजून तोंडीच आहे. ते कुणी लिहायला बसलं, तर पानाच्या वर सांगणाऱ्याचं नाव आधी घालावं.