जपानी शिकताय? आधी मराठीची मदत घ्या!

जपानी म्हटलं की अनेकांना अवघड लिपीचीच धास्ती वाटते. पण वाक्यरचना मराठीसारखी आहे, क्रियापद शेवटी येतं. ‘मी पुण्याला जातो’ म्हणजे ‘वाताशि वा पुने नि इकिमास’. आपल्या ‘ला’च्या जागी ‘नि’, तोही नावाच्या मागेच!

हिरागाना लिपीतल्या 46 अक्षरांचा क्रमही ओळखीचा वाटेल: आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आला. त्यामुळे सुरुवातीला उच्चार इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीत लिहून घेतलेले बरे.

खरी दमछाक होते ती कांजी या चिन्हांची. रोजच्या वापरासाठी ठरवलेलीच 2,136 आहेत. ती सुटी घोकण्यापेक्षा शब्दांतून शिकणं मजेचं: ‘सूर्य’ आणि ‘मूळ’ शेजारी ठेवले की झालं ‘निहोन’, म्हणजेच जपान.