चिन्ह का फिरतं?

असमानता शिकवण्याबाबत आपल्याकडे एक मत पक्कं रुजलं आहे. समीकरणासारखंच सोडवा, फक्त ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरवा, कारण पुढच्या वर्गात कळेल. हा पूर्वपक्ष लंगडा नाही. आठवीच्या वयात सिद्धता जड जाते, परीक्षेत वेळ कमी असतो आणि पाढे तरी आपण कुठे आधी समजून मग पाठ केले, असं म्हणणारे शिक्षक तळमळीने शिकवणारेच असतात.

तरीही हे मत चूक आहे. पाढा विसरला तर मूल बेरीज करत तो पुन्हा उभा करतं. हा नियम विसरला, तर हाताशी काहीच उरत नाही. शिवाय तो नको तिथे लागतो. २क्ष > −८ हे उदाहरण दिलं की बरीच मुलं क्ष < −४ लिहितात. भागायचं असतं २ ने, पण समोर ऋण दिसतं आणि हात चिन्हाकडे जातो. त्या मुलाला धांदरट म्हणू नये. त्याने ऐकलं तसंच केलं.

महाड तालुक्यातल्या वरंधच्या मुलाला तर असमानता परकी नाहीच. वरंध घाटाच्या पश्चिम उतारावरचं पाणी शेवटी सावित्री नदीला मिळतं. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी ६.५ मीटर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर या तालुक्यात त्या आकड्यांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पाण्याची पातळी ‘प’ धरली, तर नदी इशाऱ्यावर आली म्हणजे प ≥ ६. समीकरणाच्या सवयीत हरवणारी गोष्ट इथे लगेच दिसते. उत्तरात ६.१ बसतं, ६.३७ बसतं, संख्यारेषेवरचा अख्खा पट्टा बसतो.

आता पाण्याऐवजी धोक्यापर्यंत उरलेलं अंतर मोजू. ते आहे ६.५ − प. पाणी चढतं तसं हे अंतर घटतं. प > ६ असेल, तर ६.५ − प < ०.५. नदी तीच, घटका तीच, फक्त मोजणी दुसऱ्या टोकाकडून. चिन्ह फिरलं ते ‘प’ला ऋण केल्यामुळे. ऋण करणं म्हणजे संख्यारेषा शून्याभोवती उलटी फिरवणं: ३ हा ५ च्या डावीकडे असतो, −३ मात्र −५ च्या उजवीकडे. आपल्या भाषेत तर ऋण म्हणजे कर्जच. पाचशेच्या कर्जापेक्षा तीनशेचं कर्ज बरं, हे घरात कुणालाही पटतं. (< आणि > ही चिन्हं गणितज्ञ टॉमस हॅरियटच्या मरणोत्तर ग्रंथात १६३१ साली छापली गेली; लहान-मोठं ओळखणं त्याहून कितीतरी जुनं.)

सिद्धताही जड नाही. अ < ब म्हणजे ब − अ धन. (−अ) − (−ब) हेसुद्धा ब − अ च, म्हणून धन. म्हणजेच −ब < −अ. पूर्णांकांची वजाबाकी येणाऱ्याला यात नवं काही नाही, आणि राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात ऋण परिमेय संख्यांची तुलना येते. बीज तिथेच पेरावं.

राहिला वेळेचा आक्षेप. −३क्ष < १२ सोडवताना दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवा: ० < १२ + ३क्ष. मग −१२ < ३क्ष, म्हणून −४ < क्ष. चिन्ह फिरवण्याचा नियम लागलाच नाही. एखादी ओळ वाढली, एवढंच. सुरुवातीचे काही दिवस असंच सोडवू द्यावं. पाच-सहा उदाहरणांनंतर मूल आपणहून म्हणतं, की दर वेळी चिन्ह उलटंच येतंय. तेव्हा तो नियम त्याचा झालेला असतो.

पुढे कधीतरी ६/क्ष > २ समोर येतं. नियम पाठ केलेला विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्ष ने गुणून क्ष < ३ लिहून मोकळा होतो; क्ष = −१ घातलं की डावीकडे −६ येतात आणि उत्तर कोसळतं. ज्याने संख्यारेषा उलटताना पाहिली आहे, तो गुणण्याआधी थांबून विचारतो: क्ष धन आहे की ऋण?