मॉरिशसला जाताय? रिसॉर्टचा बुफे सोडून तिथलं खरं जेवण कसं शोधायचं?

मॉरिशसच्या बहुतेक पॅकेजमध्ये दोन ओळी ठरलेल्या असतात. 'नाश्ता आणि रात्रीचं जेवण समाविष्ट' आणि 'भारतीय जेवणाची सोय'. वाचून बरं वाटतं. पण मग पाच दिवस निळा समुद्र बघायचा आणि रात्री बुफेत पनीर नाहीतर पास्ता खायचा, असंच होतं. मॉरिशसचे लोक स्वतः काय खातात, हे न कळताच विमान मुंबईला परत येतं.

आणि गंमत म्हणजे तिथल्या रस्त्यावर जे मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. ते कसं, हे आधी बघू.

मॉरिशसचं 'पारंपरिक' जेवण म्हणजे नक्की काय?

या बेटावर मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. 1638 मध्ये डचांनी वसाहत केली, 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि 1810 मध्ये इंग्रजांनी तो त्यांच्याकडून जिंकला. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांसाठी मजूर कुठून आणायचे, हा प्रश्न आला.

उत्तर होतं भारत. 1834 पासून करारावर भारतीय मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. बहुतेक लोक भोजपुरी पट्ट्यातले आणि दक्षिणेतले होते, पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मजुरांना पगारासोबत तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा मिळायचा. आज पोर्ट लुईच्या गाड्यावर जे मिळतं, त्याची मुळं या शिध्यात आहेत. मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे ऊस आणि साखर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. मॉरिशसमध्ये मात्र उसाने बेटाचं अख्खं ताट बदललं.

मग खायचं काय?

- धाल पुरी : नाव पुरी, पण तळलेली नसते. शिजवून वाटलेली पिवळी डाळ आत भरून तव्यावर भाजलेली मऊ, पातळ पोळी. पुरणपोळीतला गूळ काढून हळद-जिरं घातलं तर कशी लागेल, तशी. ती जोडीनेच विकतात. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रसदार 'रुगाय' आणि चटणी.
- गातो पिमा : शब्दशः 'मिरचीचा केक', प्रत्यक्षात आपला डाळवडा. सकाळी लोक तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडापावचा लांबचा भाऊच म्हणा.
- विंदाय : मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मासळी. गोव्याचं विंदालू आणि हे, दोन्ही नावं एकाच पोर्तुगीज पदार्थावरून आली.
- ब्रेद : म्हणजे पालेभाजी. शेवग्याचा पाला आणि अळू तिथेही आवडीने खातात. त्यांचं पातळ सार भातासोबत घेतात.
- मिन फ्री आणि बुलेत : तळलेल्या नूडल्स आणि वाफवलेले गोळे. ही चिनी स्थलांतरितांची देणगी.
- आलूदा : सब्जा आणि आगर-आगर घातलेलं थंडगार दूध. आपल्या फालुद्याच्याच घरातलं.

तिखट हवं असेल तर 'पिमा क्राझे' मागा. ठेचलेली मिरची, म्हणजे ठेचाच. चटणीला क्रिओल भाषेत 'सातिनी' आणि लोणच्याला 'झासार' म्हणतात. झासारमध्ये आपला 'आचार' शब्द लपलाय.

हे मिळतं कुठे?

पोर्ट लुईचं सेंट्रल मार्केट ही पहिली जागा. खालच्या मजल्यावर भाजी-फळं आणि आजूबाजूला खाण्याचे गाडे. आलूदा इथेच प्या. धाल पुरीसाठी रोझ हिलचं 'देवा अँड सन्स' प्रसिद्ध आहे. विमानतळाजवळच्या माहेबूर्गमध्ये सोमवारचा बाजार भरतो. तिथेच कसाव्याची बिस्किटं जुन्या पद्धतीने बनतात. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद.

वेळ मात्र सांभाळा. हे खाणं सकाळचं आणि दुपारचं आहे. पोर्ट लुई ऑफिसांचं शहर आहे, त्यामुळे संध्याकाळी तिथे शांत होतं. सोबत मॉरिशियन रुपयांची सुटी रोकड ठेवा आणि जिथे ऑफिसला जाणाऱ्यांची रांग दिसेल तिथे उभे राहा.

शाकाहारी असाल तर?

धाल पुरी आणि गातो पिमा सहसा शाकाहारी असतात. पण रुगायमध्ये कधी सॉसेज किंवा खारी मासळी असते, बुलेतमध्ये सुकी कोळंबी असू शकते आणि नूडल्समध्ये चिकन. म्हणून प्रत्येक वेळी विचारा. 'सान लाव्यान' म्हणजे मांसाशिवाय. पण एवढ्यावर थांबू नका, मासे वेगळे धरले जाऊ शकतात. 'सान प्वासों' म्हणजे माशांशिवाय, हेही जोडा. इंग्रजीही बऱ्याच ठिकाणी समजतं.

बुकिंग करतानाच काय बघायचं?

खरी चूक इथे होते. तिन्ही वेळचं जेवण असलेलं पॅकेज घेतलं की पैसे आधीच गेलेले असतात, मग बाहेर खाणं जिवावर येतं. शक्य असेल तर फक्त नाश्त्याचा पर्याय घ्या. ग्रुप टूर असेल तर एक दुपार मोकळी मागून घ्या. तुमचे पैसेही मग गाडा चालवणाऱ्यापर्यंत पोहोचतात.

जाता जाता एक. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतात आणि मोदकही करतात. बुफेत हे काही दिसणार नाही. त्यासाठी रिसॉर्टच्या गेटबाहेर पडावं लागेल.