मुकादमापासून अधिकाऱ्यापर्यंत

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जो विद्यार्थी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात प्रवेश करतो, त्यास ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ या नावाचा एक विषय अभ्यासावा लागतो. नाव भारदस्त असले तरी आशय दुर्बोध नाही. कामास माणसे कशी निवडावी, त्यांस कसे शिकवावे, वेतन काय द्यावे, त्यांचे गाऱ्हाणे कोणी ऐकावे आणि आजारपणी व म्हातारपणी त्यांची काय सोय लावावी, या पाच प्रश्नांचा विचार म्हणजे हे शास्त्र होय. त्याची जन्मकथा सांगताना बहुधा परदेशाकडे बोट दाखविले जाते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे प्रसिद्ध केली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले आणि त्यांवरून एल्टन मेयो यांनी कामगारांच्या मनाचा व परस्परसंबंधांचा विचार पुढे मांडला. हे सर्व खरे आहे. तथापि आपल्या देशात या शास्त्राची गरज प्रथम भासली ती मुंबईच्या गिरण्यांच्या दाराशी, आणि तोच इतिहास आज आपणांस थोडक्यात सांगावयाचा आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या आणि हजारो माणसे कोकणातून व घाटावरून कामासाठी येऊ लागली. या माणसांची निवड मालक करीत नसे. ते काम मुकादमाचे. मुकादम आपल्या गावची, नात्यागोत्याची माणसे आणी, त्यांस यंत्रावर उभे करी, काम शिकवी, आणि मर्जी फिरली म्हणजे काढूनही टाकी. नोकरी लावून देण्याबद्दल तो दस्तुरी घेई आणि अडचणीच्या वेळी व्याजाने पैसेही देई. परक्या शहरात उतरलेल्या माणसास तोच आधार होता आणि तोच जाच. मालकास ही व्यवस्था सोयीची वाटे, कारण माणसे शोधण्याची यातायात त्यास करावी लागत नसे. परंतु दस्तुरी मिळते ती नवा माणूस घेतला म्हणजे. तेव्हा जुना माणूस टिकावा, अशी मुकादमास आच कोठून असणार?

या काळात कामगारांची बाजू संघटितपणे मांडणारे पहिले पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, ही त्यांची मागणी आज कोणासही क्षुल्लक वाटेल; पण ती मान्य होण्यास १८९० सालचा जून महिना उजाडावा लागला. आज घरोघरी रविवारची सुट्टी निवांतपणे घेतली जाते, तिच्यामागे ही सहा वर्षांची खटपट आहे.

मालकांमध्येही दूरदृष्टीचे लोक नव्हते असे नाही. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा माणसे नियमित कामावर येत नाहीत, ही त्यांची पहिली अडचण होती. त्यांनी केवळ दंडावर भिस्त ठेवली नाही. चांगल्या कामास बक्षिसे दिली आणि १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. माणूस कामावर टिकावा असे वाटत असेल तर त्यास उद्याची शाश्वती दिली पाहिजे, हे तत्त्व टेलरसाहेबांचे पुस्तक छापले जाण्यापूर्वी पाव शतक नागपुरात आचरणात आले होते.

पण एका मालकाच्या शहाणपणाने सर्वत्र व्यवस्था बदलत नाही. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. पुढच्याच वर्षी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हेही त्याचे सभासद होते. आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. माणसे नेमण्याचा व काढण्याचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस त्यात होती. हा अधिकारी सचोटीचा असावा, त्यास माणसाची पारख असावी आणि कामगारांची भाषा अवगत असावी, असेही आयोगाने सुचविले. आज ज्यास मानव संसाधन अधिकारी म्हणतात, त्याचा आपल्याकडील मूळपुरुष हाच.

असे अधिकारी तयार करावयाचे तर शिक्षण हवे. १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. पुढे तेच टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आले. गिरणीच्या दाराशी उभा राहिलेला प्रश्न येणेप्रमाणे वर्गात आला.

यानंतरचा टप्पा कायद्याचा. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठास १९९४ साली देण्यात आले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा १९४६ च्या कायद्याने चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले आणि त्याची पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला. २०२० च्या संहितेने तर ही संख्या अडीचशेवर आणली. कायद्याने पद निर्माण केले, पदाने पदवीची गरज निर्माण केली, आणि पदवीसाठी विद्यापीठे सरसावली. आपल्या शहरात १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले. पुढे चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८५ साली वाळूज येथे बजाज कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. शिकणारे व शिकलेल्यांस बोलावणारे, असे दोघेही येथे एका गावात नांदू लागले.

श्रोतेहो, इतिहास येथेच संपला असता तर मुकादम गेला, अधिकारी आला, असे म्हणून आपणांस समाधान मानता आले असते. परंतु कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर उभे राहून पाहावे. आत जाणाऱ्या अनेकांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. ती कंत्राटदाराच्या वहीत असतात. अधिकारी एकाचा, वही दुसऱ्याची, आणि गाऱ्हाणे सांगावे कोणापाशी, हे त्या माणसास ठाऊक नसते.

याहून ठळक उदाहरण पाहावयाचे तर शेजारच्या बीड जिल्ह्याकडे वळावे. दिवाळीच्या सुमारास तेथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. त्यांस कामास लावतो तो मुकादमच. तो हंगामापूर्वी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक हत्यार होते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड कापला जातो. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करून घेतल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा खाड्याचे भय हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. लोखंडे यांनी मिळविलेला विसाव्याचा दिवस अजून या फडापर्यंत पोहोचलेला नाही.

म्हणूनच हा विषय शिकणाऱ्या तरुणांस माझे एक सांगणे आहे. पुस्तकातील प्रत्येक प्रकरण हे कोणा तरी माणसाच्या गाऱ्हाण्याचे उत्तर आहे. भरतीचे प्रकरण दस्तुरीच्या जाचातून निघाले, रजेचे प्रकरण विश्रांतीवाचून राबणाऱ्या माणसांतून, आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरण म्हातारपणाच्या धास्तीतून. व्याख्या पाठ करून परीक्षा उतरता येईल. पण ते गाऱ्हाणे ज्याने ऐकले नाही, त्यास उत्तराचा अर्थ कळणार नाही. विद्यापीठातून वाळूज लांब नाही आणि बीडही फार दूर नाही. सुट्टीत एखादा दिवस काढून फडावरच्या कोपीशी बसावे आणि मुकादमाच्या वहीतील हिशेब नजरेखाली घालावा. आयोगाने १९३१ साली सुचविलेले काम पुरे झाले किंवा नाही, याचा निवाडा मग ज्याचा त्याने करावा.