पिशवी साफ केल्यावर थांबलेली पाळी: एका आजाराला नाव मिळालं त्याची गोष्ट

'क्युरेटिंग' हा शब्द आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. गर्भपातानंतर काही भाग आत राहिला किंवा अंगावरून फार जायला लागलं, की डॉक्टर सांगतात, "पिशवी साफ करावी लागेल." काम थोड्या मिनिटांचं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. डॉक्टर याला डी अँड सी म्हणतात: गर्भाशयाचं तोंड रुंद करायचं आणि आतलं अस्तर खरवडायचं. त्यानंतर बहुतेकींची पाळी महिना-दीड महिन्यात येते. एखादी पाळी पुढेमागे होते, कमीजास्त जाते आणि मग गाडी रुळावर येते. पण काहींचा स्राव कायमचा कमी होतो, आणि थोड्याजणींची पाळी थांबतेच. का? वैद्यकाला हे नीट कळायला शंभर वर्षं लागली.

'क्युरेट' हा शब्द फ्रेंच. पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी १८४० च्या दशकात हे खरवडायचं हत्यार गर्भाशयासाठी वापरायला सुरुवात केली. पुढे भूल आली, जंतुनाशकं आली आणि ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. १८९४ मध्ये हाइनरिश फ्रिट्श या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने एक विचित्र केस छापली. बाळंतपणानंतर एका बाईची पिशवी खरवडली होती. तिची पाळी बंद झाली, आणि गर्भाशयाची पोकळीच नाहीशी झालेली आढळली. एकच केस, एक छोटासा लेख. आत काय झालंय ते पाहायची सोयही नव्हती, कारण क्ष-किरणांचा शोध लागला त्याच्या पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये.

मध्ये चोपन्न वर्षं गेली. या काळात काही तुरळक केसेस छापून आल्या, पण त्या एका माळेत कुणी ओवल्या नव्हत्या. ते काम जोसेफ अशरमन यांनी केलं. जन्म बोहेमियातला, डॉक्टरकी तेल अविवमध्ये. १९४८ मध्ये त्यांनी २९ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर यांच्या गर्भाशयावर काहीतरी केलं गेलं होतं आणि नंतर पाळी थांबली होती. त्यांनी याला सरळ 'आघातामुळे बंद झालेली पाळी' म्हटलं. १९५० च्या दुसऱ्या लेखात त्यांनी गर्भाशयात रंगद्रव सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवलं, की पोकळीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आहेत. आज या आजाराला 'अशरमन सिंड्रोम' म्हणतात.

आता थोडं विज्ञान. गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला गळून जातो. खालचा, पायाचा थर जागेवर राहतो आणि त्यातून नवं अस्तर उगवतं. शेताचं पीक कापलं तरी मुळं जमिनीत राहावीत, तसं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅरोलीन गारगेट यांच्या गटाने मानवी अस्तरात अशा मोजक्या पेशी असल्याचं दाखवलं, ज्या एकटीपासून मोठा समूह वाढवू शकतात. खरवडताना पायाचा थरच गेला, तर मुळं गेली. समोरासमोरच्या दोन उघड्या जखमा एकमेकींना चिकटतात आणि मध्ये व्रणाचा पडदा तयार होतो. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर गर्भाशय मऊ असतं, म्हणून धोका तेव्हा जास्त. आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही: गर्भाशयाचा क्षयरोग. त्यात शस्त्रक्रिया न होताही असेच पडदे तयार होतात.

या आजाराची फसवणूक इथेच आहे. बीजकोश (ओव्हरी) अगदी ठीक चालू असतात. रक्तातली हार्मोन्स तपासली तर रिपोर्ट नॉर्मल. कधी दर महिन्याला पोटात दुखतं, पण स्राव नाही. मग "टेन्शन घेऊ नका", "वजन बघा", "गोळ्या घ्या" हे चक्र सुरू होतं. पाळी कमी झाली म्हणून काही बायकांना आधी बरंच वाटतं; दिवस राहत नाहीत तेव्हा शोध सुरू होतो. गर्भपाताची गोष्ट सासरी माहीत नसेल, तर सासूसमोर डॉक्टरांनी विचारलं तरी खरं उत्तर मिळत नाही. अशरमन यांच्या कामातला मोठा भाग म्हणजे एक साधा प्रश्न: पाळी बदलली, त्याआधी पिशवीवर काही केलं होतं का?

उपाय बदलत गेले. पँटालिओनी यांनी १८६९ मध्येच गर्भाशयात दुर्बीण घालून पाहिलं होतं, पण ती रोजच्या कामात यायला आणखी शंभर वर्षं गेली. १९७० च्या दशकात दुर्बिणीतून बघत पडदे कापायला सुरुवात झाली. आज निदानासाठी आणि उपचारासाठी हाच मुख्य मार्ग आहे. पडदे पुन्हा तयार होऊ शकतात, हे मात्र खरं.

मुळात जखमच कमी व्हावी यासाठी हत्यारही बदललं. १९५८ मध्ये चिनी डॉक्टरांनी खरवडण्याऐवजी हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपात कायदा आला आणि चोरून होणाऱ्या, जीवघेण्या गर्भपातांना सुरक्षित पर्याय मिळाला. पण कायदा आला म्हणून जुनं हत्यार लगेच गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं, की धारदार क्युरेटने खरवडणं कालबाह्य आहे. त्याजागी ओढून घेण्याची पद्धत किंवा औषधं वापरावीत.

म्हणून "पिशवी साफ करायची" असं ऐकलं, तर "कशाने करणार? औषधाने जमेल का?" हे विचारायला लाजू नका. अंगावरून खूप जात असेल तर ती तातडीचीच असते, तेव्हा घाबरून टाळूही नका. नंतर सहा-आठ आठवड्यांत पाळी आली नाही, तर आधी गर्भारपणाची चाचणी करा. ती नकारार्थी आली, किंवा पाळी येऊनही दोन-तीन महिने नेहमीपेक्षा फारच कमी जात असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि झालेली शस्त्रक्रिया स्वतःहून सांगा. शक्य असेल तर एकटीने भेटायला मागा. रिपोर्टच्या कागदावर न दिसणारी ही एक ओळ फक्त तुमच्याकडेच असते.