फ्लार्म

फ्लार्म ही ग्लायडर, हलकी विमाने व हेलिकॉप्टर यांची हवेतील टक्कर टाळण्यासाठी वैमानिकास सावध करणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली आहे. 'उड्डाण' आणि 'इशारा' या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या संयोगातून हे नाव तयार झाले. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेली ही प्रणाली २००४ मध्ये वापरात आली.

पार्श्वभूमी

ग्लायडर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहात घिरट्या घालून उंची मिळवते. एकाच प्रवाहात अनेक ग्लायडर जवळजवळ फिरत असतात. पांढरे, सडपातळ ग्लायडर ढगांच्या किंवा बर्फाच्या पार्श्वभूमीवर सहज दिसत नाही. प्रत्येकी ताशी १५० किमी वेगाने समोरासमोर येणारी दोन ग्लायडर आपल्यातील १ किमी अंतर केवळ १२ सेकंदांत संपवतात. शिवाय, सरळ टकरीच्या मार्गावर असलेले विमान वैमानिकास काचेवर एकाच जागी स्थिर भासते. त्यामुळे ते नजरेतून सुटण्याचा धोका वाढतो. प्रवासी विमानांतील टक्करनिवारण यंत्रणा महाग असून तिला वीजही अधिक लागते. घिरट्यांच्या उड्डाणात ती सतत अनावश्यक इशारे देईल.

कार्यपद्धती

उपकरण जीपीएस आणि हवेचा दाब मोजणारा संवेदक यांच्या साहाय्याने विमानाचे स्थान व उंची ठरवते. त्यावरून पुढील सुमारे २० सेकंदांचा संभाव्य मार्ग काढून तो कमी शक्तीच्या रेडिओ संदेशाद्वारे साधारणपणे दर सेकंदास प्रसारित केला जातो. युरोपात यासाठी ८६८ मेगाहर्ट्‌झ पट्टा वापरतात. जवळच्या विमानांतील उपकरणे हा मार्ग स्वतःच्या मार्गाशी ताडून पाहतात. घिरट्यांचा वक्र मार्गही हिशेबात घेतला जात असल्याने, विमाने केवळ जवळ आहेत म्हणून इशारा मिळत नाही. टकरीचा संभव असेल तरच मिळतो. दिव्यांद्वारे धोक्याची दिशा कळते आणि धोका जवळ येईल तसा आवाज तीव्र होतो. विजेच्या तारा, रज्जुमार्ग अशा स्थिर अडथळ्यांची माहिती साठवलेली असल्यास त्यांबाबतही सूचना मिळते.

मर्यादा

दोन्ही विमानांत सुसंगत उपकरण असल्याशिवाय मूळ प्रणाली उपयोगी पडत नाही. पॉवरफ्लार्म या पुढील आवृत्तीत ट्रान्सपॉन्डरचे संकेतही ओळखता येतात. कार्बन तंतूंचा सांगाडा किंवा मध्ये येणारा डोंगर रेडिओ संदेश अडवू शकतो, म्हणून अँटेनाची जागा महत्त्वाची ठरते. कोणत्या बाजूस वळावे हे उपकरण सांगत नाही; तो निर्णय वैमानिकाचाच असतो. उपकरण शांत आहे याचा अर्थ आकाश मोकळे आहे असा होत नाही. त्यामुळे डोळ्यांनी सतत टेहळणी करणे हे वैमानिकाचे मूळ कर्तव्य कायम राहते.