चक्कर आलेल्या रुग्णाचे ऋण

कानातला मळ काढणे आपल्याला हलके काम वाटते. व्हिएन्नात डॉ. रॉबर्ट बारानी पिचकारीने कान धूत, तेव्हा काही रुग्णांना चक्कर येई. पाणी गार असले की असे होते, हे एका रुग्णानेच सांगितले. पुढे पाणी फार गरम झाले. पुन्हा चक्कर आली, पण बुबुळे उलट्या दिशेने थरथरली. त्यातून अंतर्कर्णाची तपासणी जन्मली आणि बारानींना १९१४चे नोबेल मिळाले. कान धुण्यास शिकणाऱ्याला आजही बजावतात : पाणी अंगाइतकेच, ३७ अंश सेल्सिअसचे हवे, पडदा फाटलेला असल्यास पाणी नकोच. आम्हां होमिओपॅथांना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टिपायला शिकवतात. कानाच्या डॉक्टरालाही अखेर कान देऊनच शिकावे लागले.